सतरा नंबरची कोंबडी

आरिफाबीच्या अंगणात चाळीस कोंबड्या होत्या आणि त्यांचं एकही अंडं कुणी खायचं नाही, असा नियम होता. आमच्या खापरी गावात या नियमाची पुष्कळ थट्टा झाली. "कोंबड्या सरकारी नोकरीले लागल्या," असं मारोतराव म्हणायचे, "आता अंडं बी अर्ज केल्याबिगर भेटणार नाही." कोंबड्या सरकारी नव्हत्या. पण ते गावाला समजावून सांगणं मला तेव्हा जमलं नाही आणि आता कागदावरही नीट जमेल की नाही, शंकाच आहे. मारोतराव आता नाहीत. म्हणून आरिफाबीबद्दल लिहायला हरकत नसावी, असं वाटतं.

मी घाटंजीला, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. आरिफाबी माझ्या घरापासून चार घरं सोडून राहायची. तिचा नवरा मोहिउद्दीन फवारणीचे पंप आणि सायकली दुरुस्त करायचा. तो छातीच्या आजारानं गेला, तेव्हा ती पस्तिशीची असेल. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या दुकानाच्या मागच्या रिकाम्या जागेत तिनं कोंबड्या पाळल्या. आमच्या भागात मानमोडीची साथ आली की घरोघरच्या कोंबड्या एका आठवड्यात संपत. तिच्या वाचत. ती लस चुकवत नसे, पाण्याची भांडी रोज राखेनं घासत असे, आणि नवी कोंबडी आणली तर पंधरा दिवस वेगळी ठेवत असे. हे तिला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. मी तर नाही.

दोन हजार सात साली आमच्या डॉक्टरसाहेबांकडं नागपूरकडच्या एका प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, एवढं मी ऐकून होतो. बाई ते कोंबडीच्या अंड्यापासून करता येतं का, हे पाहत होत्या. कोंबडीच्या छातीच्या मांसात अगदी कणभर, मवाळ केलेलं विष टोचायचं. पंधरा दिवसांनी जरा जास्त. कोंबडीचं शरीर त्या विषाशी झुंजायला शिकतं, आणि त्या झुंजीत जे द्रव्य तिच्या रक्तात तयार होतं, ते ती पिल्लासाठी म्हणून अंड्याच्या बलकात उतरवते. घोड्याचं रक्त काढावं लागतं. कोंबडी आपण होऊन अंडं देते. बर्ड फ्लूच्या बातम्यांनंतर बाईंना शहरापासून लांब आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी जागा हवी होती. साहेबांनी मला विचारलं, मी आरिफाबीचं नाव सांगितलं.

ती पहिल्यांदा नाही म्हणाली. मग हो म्हणाली, आणि मग महिनाभर घाबरून राहिली. टोचलेल्या कोंबडीच्या पिसात विष येतं का, विष्ठेत येतं का, पाण्याच्या भांड्यात उतरतं का, हे ती मला रोज विचारायची. मोहिउद्दीनचे रबरी हातमोजे घालून दाणे टाकायची. अंडं फुटलं तर हातभर खोल खड्डा करून पुरायची आणि वर बाभळीचे काटे ठेवायची. बाईंनी एकदा तिच्यासमोर हातमोजे न घालता कोंबडी उचलली, पोटाशी धरली, तिच्या चोचीवर बोट ठेवलं. "आरिफाबी, विष हिच्यात राहत नाही. हिनं ते कधीच संपवलंय." त्या दिवशी आरिफाबीनं मोजे काढले, पण खड्डे खणणं सोडलं नाही.

वीस कोंबड्यांच्या पायात पिवळं कडं होतं. त्यांना घोणशीचं विष द्यायचं. वीसजणींच्या पायात पांढरं, त्यांना काहीच द्यायचं नाही, तुलनेसाठी. प्रत्येक कड्यावर नंबर. आरिफाबी प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं नंबर आणि तारीख घालायची, अंडी ओल्या वाळूतल्या माठात ठेवायची, आणि मंगळवारी मी ती कोंड्यात रचून टोपलीतून एसटीनं पोचवायचो. सगळ्यांत मोठ्या बलकाची अंडी पिवळ्या सतरा नंबरची असत. बाईंनी एकदा काचेच्या दोन नळ्या आणून आम्हाला दाखवलं होतं. दोन्हींत कोंबडीचं थोडं रक्त. एकीत ते थोड्या वेळात गोठून बसलं. दुसरीतलं प्रयोगशाळेतल्या, घोणशीचं विष चढलेल्या कोंबडीचं होतं. ते रक्त पाण्यासारखं वाहतच राहिलं. आरिफाबीनं ती नळी कितीदा तरी आडवी-उभी करून पाहिली. बाईंनी बजावून सांगितलं होतं की हे औषध अजून माणसाला दिलेलं नाही. आणि अंडं खाऊन काहीच होणार नाही, पोटात गेलं की ते इतर अंड्यांसारखंच पचतं.

ती वर्षं भीतीची होती. कापसाला भाव नव्हता, हे सगळ्यांना ठाऊकच आहे, पण मला आठवते ती गोष्ट वेगळी आहे. कुणी अंगणात चक्कर येऊन पडलं, तर शेजारी आधी त्याच्या तोंडाचा वास घेत. फवारणीच्या औषधाचे डबे बायका कुलपात ठेवत आणि किल्ली कमरेला बांधत. दवाखान्यात माणूस नेला की पहिला प्रश्न, "काय पेला?" मग पोलीस, मग पंचनामा, मग पेपरवाले. ताप आलेल्या माणसालाही घरचे लोक दवाखान्यात न्यायला भीत, कारण तो दगावला तर गाव काय म्हणेल, हे आधीच ठरलेलं असे.

आणि साप तर होतेच. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पान लागलं की तांड्यावरच्या खेमसिंगला बोलवायचं. खेमसिंग सत्तरीचा, धिप्पाड, कुणाकडून चहासुद्धा न घेणारा माणूस. त्याच्या बापाची विद्या त्याच्याकडं आली होती. कोंबडीच्या मागची पिसं उपटायची, तिथं पात्यानं जरा खरवडायचं, दंशावरही खरवडायचं, आणि कोंबडीचा तो भाग दंशावर दाबून धरायचा. कोंबडी थोड्या वेळानं मान टाकते. मग दुसरी लावायची. मग तिसरी. जी कोंबडी मरत नाही, तिथं विष संपलं असं समजायचं. सात-सात, नऊ-नऊ कोंबड्या लागल्याच्या गोष्टी लोक सांगत. बाई म्हणाल्या होत्या की घट्ट दाबून धरल्यानं कोंबड्यांचा श्वास कोंडतो, म्हणून त्या मरतात. मी ते गावात कुणाला सांगितलं नाही. खेमसिंगचा मान मोठा होता.

सप्टेंबरात खेमसिंगच्या पुतण्याला, लालसिंगला, गवताचा भारा उचलताना पान लागलं. तांड्यावर मानमोडीनं कोंबडी उरली नव्हती. खेमसिंग धावत आरिफाबीच्या दारात आला आणि हात जोडून उभा राहिला. सत्तरीच्या माणसानं हात जोडलेले तिला पाहवले नाहीत. तिनं हाताला लागली ती कोंबडी दिली. ती पिवळी सतरा होती.

कोंबडी मेली नाही. लालसिंगही मेला नाही. त्याला चावला तो साप बिनविषारी असावा, असं मला वाटतं, पण मी तो पाहिला नव्हता. सतरा नंबर संध्याकाळी परत आली. आरिफाबीनं तिच्या जखमेला हळद लावली आणि मला सांगितलं, "भाऊ, बाईले सांगू नका. पोटावर पाय येईन." मी सांगितलं नाही. आजारी कोंबडीची, बाहेर गेलेल्या कोंबडीची नोंद करायची, हे माझं काम होतं.

गावात मात्र बातमी पसरली. आरिफाबीची कोंबडी मरत नाही. जिथं दुसऱ्याच्या सात लागतात, तिथं हिची एक पुरते. आरिफाबीची मैत्रीण विमलताई, म्हणजे मारोतरावांच्या पत्नी, फाटकावर हात टेकून म्हणायच्या, "काय व आरिफा, तुही ते सतरा नंबर निवडणुकीले उभी कर. पंधरा गावचे मतं पडतीन." आरिफाबी हसायची. पण त्यानंतर फाटक वाजलं की ती दचकायची. कुणीतरी कोंबडी मागायला येईल आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही, ही भीती तिनं मला बोलून दाखवली होती. मी म्हणालो, नाही कुणी येत. असं काहीतरी मी नेहमी म्हणतो.

डिसेंबरातला मंगळवार होता. वेचणी जोरात होती. दुपारचा दीड वाजला असेल. मी आरिफाबीच्या अंगणात बसून टोपलीत अंडी रचत होतो. मारोतरावांची बैलगाडी भरधाव आली आणि थेट फाटकात घुसली. एका कोंबडीच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं.

"बी! आरिफाबी! पान लागलं विमलले! सतरा नंबर काढ!"

विमलताई गाडीत बसल्या होत्या. उजवा पाय पुढं ताणलेला, घोट्याच्या वर लुगड्याची चिंधी आवळलेली. पाय पिंडरीपर्यंत सुजला होता आणि कातडी चकाकत होती.

"कोणतं व्हतं, ताई?" आरिफाबीनं विचारलं.

"जाडजूड व्हतं व. पाठीवर गोल गोल. कुकराची शिटी निघते ना, तसं फुसफुसलं न डसलं. आग होऊन राह्यली पायाची, आग."

"अजगराचं पिल्लू असन," मारोतराव म्हणाले.

आरिफाबीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. कुकरासारखं फुसफुसणारं, पाठीवर गोल ठिपक्यांच्या रांगा असणारं जनावर म्हणजे काय, हे आम्हा दोघांना बाईंनी चित्र दाखवून शिकवलं होतं.

"भाऊ, घोणस हाये ते," ती मारोतरावांना म्हणाली. "ताईले घाटंजीले न्या. आत्ताच्या आत्ता. माह्या कोंबडीत काही नाही."

"लालसिंगच्या टायमाले व्हतं, न विमलच्या टायमाले नाही काय?"

मी उठून म्हणालो, "दवाखान्यात न्यायला पाहिजे, मारोतराव." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"नेतो ना, ड्रेसरभाऊ. कोण नाही म्हंते? पहिले हे होऊ द्या. तिथं गेलं का पहिले इचारतीन, काय पेली. मंग पोलीस. मंग पेपरात फोटो. माह्या घरचा फोटो पेपरात येऊ देऊ काय मी? न तिथं सुईनं मरते म्हंते माणूस. घोड्याची सुई."

खेमसिंगला आणायला माणूस आधीच गेला होता. तो आला तोपर्यंत अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. विमलताईंना ओसरीवरच्या खाटेवर आणून निजवलं. खेमसिंगनं स्वतःच खुराड्यात वाकून पिवळं सतरा नंबरचं कडं शोधलं. आरिफाबी खुराड्याच्या दाराशी उभी होती. तिनं अडवलं नाही. कसं अडवणार? तीन महिन्यांपूर्वी तिनंच दिली होती.

खेमसिंगनं पात्यानं दंशावर दोन बारीक रेघा मारल्या आणि कोंबडी दाबून धरली. कोणी विमलताईंकडं पाहत नव्हतं. सगळे कोंबडीच्या मानेकडं पाहत होते. मान एकदा लवली. मग ती पुन्हा ताठ झाली. कोंबडीनं डोळे मिचकावले. पंधरा मिनिटं झाली असतील. खेमसिंगनं हात सोडला. सतरा नंबर खाली उतरली, पिसं झटकली आणि माझ्या टोपलीपाशी येऊन कोंड्यात चोच मारू लागली.

"उतरलं!" कुणीतरी ओरडलं.

"उतरलं याडी, भिवू नको आता," खेमसिंग विमलताईंना म्हणाला. त्याच्या भाषेत याडी म्हणजे आई. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. तो खोटं बोलत नव्हता. मारोतराव मटकन खाली बसले आणि त्यांनी डोक्याचं पागोटं काढून तोंड पुसलं. कुणी कडुनिंबाचा पाला आणला. पाला कडू लागला तर विष गेलं, अशी ती परीक्षा. विमलताईंनी चावला.

"कडू लागते काय व?"

"लागते ना. कडू जहर लागते." आणि त्या थुंकल्या. थुंकी लाल होती.

"दाताले लागलं असन," मारोतराव म्हणाले.

आरिफाबी माझ्याजवळ आली. ती पायाकडं पाहत होती. खेमसिंगच्या पात्याच्या त्या दोन बारीक रेघांतून रक्त अजून वाहत होतं. पातळ, न थांबणारं. खाटेच्या सुतळीवरून ते खाली टपकत होतं आणि जमिनीवर पसरत होतं, गोठत नव्हतं.

"भाऊ, ते नळी," ती कुजबुजली. "पाण्यावानी राह्यलं व्हतं. तसंच हाये हे."

"हो."

"मंग बोला ना! तुम्ही दवाखान्यातले. तुमचं आयकतीन."

मी मारोतरावांजवळ जाऊन म्हणालो की रक्त थांबत नाही, हे चांगलं लक्षण नाही. ते माझ्याकडं वर पाहत म्हणाले, "पण कोंबडी जिती हाये ना, भाऊ." एवढ्या विश्वासानं म्हणाले, की मी पुढं काही बोललो नाही.

मग ती स्वतः बोलली. अंगणाच्या मधोमध उभी राहून, सगळ्या पुरुषांसमोर. तिचा आवाज फाटला होता.

"आयका माहं! ते कोंबडी मरणारच नाही. चार महिन्यांपासून तिले घोणशीचंच इख टोचून राह्यलो आमी. तिले सवय हाये. ते जगली म्हणून ताई जगन, असं नाही!"

"अवं, म्हणून तं तुही कोंबडी लावली!" मारोतराव म्हणाले, आणि दोघंतिघं हसले. सुटका झाल्यावर माणसं हसतात तसं. एकजण म्हणाला, "बी, नजर नाही लागणार तुह्या कोंबडीले, भिऊ नको."

तिचं खरं बोलणं तिच्याच विरुद्ध साक्ष देत होतं. मी तिचा चेहरा पाहिला. तिला ते कळलं होतं.

घड्याळात सव्वादोन वाजले होते. विमलताईंच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात एक लाल डाग दिसायला लागला होता. आरिफाबी वाकली, सतरा नंबरला उचललं आणि म्हणाली, "हिले पाणी पाजून आणते." ती घरात गेली. मी दारापाशीच होतो. मला आवाज आला. तुरीची ओली काडी मोडावी, त्याहूनही बारीक. मी टोपलीवर वाकलो आणि अंडी मोजत असल्यासारखं केलं.

ती बाहेर आली आणि कोंबडी तिनं खेमसिंगच्या पायापाशी ठेवली.

"मेली," ती म्हणाली.

खेमसिंगनं कोंबडी उचलली, मान लोंबली. तो म्हणाला, "दुसरी आण. पिवळीच आण."

मला वाटलं, संपलं. आता दुसरी, मग तिसरी, संध्याकाळपर्यंत हेच.

"आणते, काका," आरिफाबी म्हणाली. "एकोणीस हायेत. पण मले एक सांगा. घोणशीचं इख नऊ डाव पचोलं हिनं. लालसिंगचं बी पचोलं. साऱ्यांत जबर कोंबडी व्हती हे. हे ताईच्या इखानं मेली. आता हिच्यापेक्षा जबर कोंबडी साऱ्या जिल्ह्यात दाखवा, मी आणते. एकोणीसच्या एकोणीस मरतीन. न तंवर ताई बी."

खेमसिंग कोंबडीकडं पाहत होता. त्याच्या विद्येत बसेल अशीच ती गोष्ट होती. त्यानं कोंबडी हळूच खाली ठेवली.

"पोरीचं बरोबर हाये," तो म्हणाला. "माह्या हातचं नाही हे. न्या, मारोती. पळवा."

मग मात्र सगळे धावले. आरिफाबीचा भाचा तारिक घाटंजीच्या जिनिंगला कापूस न्यायला आला होता, त्याची मेटॅडोर चौकात अर्धी भरून उभी होती. विमलताईंना त्या कापसावर निजवलं. मारोतराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आरिफाबी पायाशी बसली, मी फळीला धरून. आठ किलोमीटरचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला विमलताई कण्हत, आणि त्यांच्या पायाखालचा कापूस लाल होत चालला होता. आरिफाबी एका हातानं तो पाय धरून होती आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होती. एकदा ती माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ, ताई गेली तं लोक म्हणतीन, आरिफाच्या कोंबडीनं येळ खाल्ला. न मी बी तेच म्हणीन."

दवाखान्याच्या दारातच विचारलं गेलं, "काय पेली?"

मारोतरावांच्या आधी आरिफाबी म्हणाली, "काही पेली नाही. घोणस डसली. पाय पाहा. रक्त गोठून नाही राह्यलं, नळीत घेऊन पाहा."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्याकडं जरा आश्चर्यानं पाहिलं आणि काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटं ती नळी टेबलावर उभी होती. आरिफाबी तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त वाहत काठापर्यंत आलं.

सलाईन लागलं, त्यात औषध सोडलं. दहा मिनिटांत विमलताईंना हुडहुडी भरली. अंगभर गांधी उठल्या, दात वाजू लागले, श्वास ओढू लागल्या. मारोतराव ओरडले, "पाह्यलं? घोड्याची सुई! मारलं तिले!" आणि ते आरिफाबीच्या अंगावर धावून गेले. मी मध्ये उभा राहिलो, एवढंच एक काम त्या दिवशी माझ्या हातून झालं. डॉक्टरांनी औषध थांबवलं, दुसरं इंजेक्शन दिलं. घोड्याच्या औषधानं काहींना असं होतं, म्हणाले, आणि काही वेळानं तेच औषध अगदी हळू पुन्हा सुरू केलं. आरिफाबी भिंतीला टेकून उभी होती.

पाच वाजता विमलताईंना गाडीनं यवतमाळला हलवलं. आरिफाबीही गेली. मारोतराव तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी गावात परतलो, कोंबड्यांना दाणे टाकले आणि सतरा नंबरला बर्फात गुंडाळून ठेवलं, कारण मेलेली कोंबडी प्रयोगशाळेला पाठवायची असा नियम होता. यावेळी मी नियम पाळला. का, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी यवतमाळला गेलो. आरिफाबी व्हरांड्यात बसली होती. मला पाहून ती उठली नाही. "आत्ता नळी पाह्यली," म्हणाली. "आडवी केली. हाललं नाही." मग तिनं तोंडावर पदर घेतला.

चार दिवसांनी बाई आल्या. मी पाठवलेल्या कोंबडीची मान त्यांनी तपासली होती. आरिफाबीनं सप्टेंबरपासूनचं सगळं सांगितलं, उभं राहून, शाळेत उभं करतात तसं. माझं मौनही मी सांगितलं. सतरा नंबरची सप्टेंबरनंतरची सगळी अंडी बाद करावी लागणार होती, चांगल्यात चांगली अंडी. शेवटी बाई म्हणाल्या, "खुराड्याला कुलूप लावा." आणि थोड्या वेळानं, जाताना, "त्या विमलताईंची तब्येत कशी आहे?" एवढंच. काम पुढं दीड वर्ष चाललं. बलकातलं ते द्रव्य नळीत विष काही प्रमाणात मारतं, असं बाईंनी कळवलं होतं. औषध म्हणून बाटलीत आलेलं मी पाहिलं नाही. माझ्या माहितीपलीकडं काही झालं असेल तर चांगलंच.

गावात लोक म्हणू लागले, आरिफाबीच्या कोंबड्यांची कळा गेली. कुणी पुन्हा कोंबडी मागायला आलं नाही. कुलपाची गरजही पडली नाही. तरी फाटक वाजलं की ती दचकायचीच.

तीन आठवड्यांनी विमलताई काठी टेकत आल्या. पायाला अजून पट्टी होती, चेहरा निम्मा झाला होता. मारोतराव त्यांना फाटकापाशी सोडून पानठेल्याकडं गेले. मी अंड्यांवर तारखा घालत होतो. आरिफाबीनं खाट टाकली.

"कशी हायेस, ताई?"

"हाओ, हाये." त्या बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "आरिफा, ते कोंबडी कशी मेली व?"

"इखानं."

"खोटी."

आरिफाबीच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं.

"मी याच खाटेवर व्हती ना. तुहं दार मले दिसे. तू पाठमोरी व्हती. तुहे खांदे हालले, मले दिसलं."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"कायले बोलू?" विमलताई आपल्या पट्टीकडं पाहत होत्या. "मले वाटे, कोणी तरी मले दवाखान्यात न्यावं. पण माह्या तोंडून निघे ना. सारे म्हणे, उतरलं, उतरलं. हे रडून राह्यलते. मी कशी सांगू का नाही उतरलं म्हणून? पायातून जीव चाल्ला व्हता माहा, न मी पाला चावून सांगो, कडू लागते." त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मले कडू लागलाच नाही व. काहीच लागे ना."

आरिफाबी खाली बसली, त्यांच्या पायाशी, मेटॅडोरीत बसली होती तशी. विमलताई हळू आवाजात म्हणाल्या, "यांले सांगशीन नोको. हे अजून म्हंते, कोंबडीनं माहं मरण घेतलं. घरी येऊन तिच्या नावानं नारळ बी बसवला देवापाशी. न तू मोडली म्हणून कळलं, तं मले भेव वाटते, काय करतीन."

"नाही सांगत."

"न भाऊ, तुम्ही बी."

मी मान डोलावली.

फाटक वाजलं. दोघी दचकल्या. मारोतराव तोंडात पान घेऊन आत येत होते.

"झाल्या काय गोठी?" ते म्हणाले.

"झाल्या," विमलताई म्हणाल्या, आणि आरिफाबी घाईघाईनं उठून चहा ठेवायला आत गेली.